टाचेचे हाड मोडल्यास : शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेविना उपचार आणि पुन्हा चालणे

कुटुंबांसाठी व रुग्णालयात येणाऱ्या नागरिकांसाठी आरोग्य-माहिती

उंचावरून पडणारा माणूस अनेकदा पायांवर उतरतो. त्यामुळे जीव वाचतो. परंतु शरीराचा सगळा भार एका क्षणात टाचांवर येतो आणि टाचेचे हाड दबून फुटते. नारळाच्या झाडावरून, बांधकामाच्या परांचीवरून, पतंग उडवताना गच्चीवरून किंवा घरातल्या शिडीवरून झालेल्या पडण्यात ही दुखापत वारंवार आढळते. वाहनांच्या अपघातातही ती होते.

अशा वेळी रुग्णाला व घरच्यांना दोन प्रश्न पडतात. शस्त्रक्रिया करावी लागेल का? आणि पुन्हा पूर्वीसारखे चालता येईल का? या प्रश्नांचा विचार करताना काय लक्षात घ्यावे, हे या पत्रिकेत सांगितले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया केली म्हणजे पाय हमखास पूर्ववत होतो असे नाही, आणि शस्त्रक्रिया केली नाही म्हणजे उपचार झाला नाही असेही नाही. योग्य उपचार कोणता, हे हाड कसे मोडले आहे आणि ते कोणाचे मोडले आहे, या दोन्ही गोष्टींवर ठरते. मार्ग कोणताही निवडला, तरी पहिल्या तीन महिन्यांतील काळजी ही पुढील अनेक वर्षांच्या चालण्याचा पाया असते.

टाचेचे हाड काय काम करते?

टाचेच्या हाडाला वैद्यकीय भाषेत कॅल्केनियस म्हणतात. पायाच्या मागील भागातील हाडांत ते सर्वांत मोठे आहे. चालताना प्रत्येक पावलाला जमिनीचा पहिला धक्का तेच झेलते. पोटरीच्या स्नायूंची जाड कंडरा याच हाडाच्या मागच्या टोकाला जोडलेली असते; चवड्यावर उभे राहणे, जिना चढणे, धावणे या सर्व क्रियांत हे हाड तरफेसारखे काम करते.

या हाडाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या खाली, एक महत्त्वाचा सांधा आहे. त्याला सब्टॅलर सांधा म्हणतात. पाऊल आतल्या व बाहेरच्या बाजूला कलते ते मुख्यतः या सांध्यामुळे. शेताचा बांध, खडीचा रस्ता, समुद्राची वाळू अशा उंचसखल जागी तोल सांभाळला जातो तो याच हालचालीच्या बळावर. टाचेच्या हाडाचे बहुतेक गंभीर अस्थिभंग या सांध्यापर्यंत पोहोचतात. म्हणूनच हाड जुळल्यानंतरही सपाट जमिनीवर नीट चालणाऱ्या व्यक्तीला ओबडधोबड वाटेवर त्रास होऊ शकतो.

या हाडाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. बाहेर पातळ, कठीण कवच आणि आत जाळीदार, सच्छिद्र हाड असते. बत्तासा दाबला की तो जसा आत खचतो, तसे हे हाड जोराच्या भाराखाली खचते. त्यामुळे टाच उंचीला कमी व रुंदीला जास्त होते. केवळ एक रेषा उमटून तुटलेले हाड आणि असे खचलेले हाड यांच्या उपचारात मोठा फरक असतो.

पडल्यानंतरचे पहिले काही तास

टाचेवर भार टाकता न येणे, टाचेभोवती वेगाने सूज येणे आणि तळव्याला काळेनिळे डाग दिसणे ही या अस्थिभंगाची प्रमुख लक्षणे होत. अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे.

• रुग्णाला चालवू नये. "दोन पावले टाकून बघ" असे म्हणून परीक्षा घेऊ नये.
• पाठ किंवा मान दुखत असल्यास, अथवा पायांत मुंग्या किंवा बधिरपणा असल्यास, रुग्णाला हातपाय धरून उचलू नये. १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. टाचेवर पडलेला भार तसाच वर कण्यापर्यंत जातो; त्यामुळे टाचेबरोबर मणकाही मोडलेला असण्याची शक्यता असते.
• जोडवी, पैंजण, पायातील धागा व पादत्राण सूज वाढण्यापूर्वी अलगद काढावे.
• पायाला उशी किंवा घडी केलेल्या चादरीचा मऊ आधार द्यावा आणि तो उंच ठेवावा.
• कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे सुजेवर ठेवावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या व्यक्तीला बर्फ लावू नये, कारण त्वचा भाजल्याचे तिला जाणवत नाही.
• जखम उघडी असल्यास ती स्वच्छ कापडाने झाकावी आणि तातडीने रुग्णालयात जावे. तेथे प्रतिजैविके व आवश्यकतेनुसार धनुर्वाताची लस दिली जाते.

चोळणे, मालीश करणे, गरम शेक देणे आणि घट्ट लेप लावून बांबूच्या पट्ट्यांनी आवळून बांधणे यांपासून कटाक्षाने दूर राहावे. सुजलेल्या पायाला आवळून बांधल्यास रक्तपुरवठा थांबून पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते.

तपासणी कशी होते?

प्रथम क्ष-किरण चित्र काढले जाते. बाजूने काढलेल्या चित्रात डॉक्टर हाडावरील एक कोन मोजतात. व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक लॉरेंझ बोलर यांच्या नावावरून त्याला बोलर कोन म्हणतात. निरोगी पायात तो साधारणपणे २० ते ४० अंशांचा असतो. हाड खचले की तो कमी होतो. कधी शून्याच्याही खाली जातो. कोन जितका कमी, तितकी दुखापत अधिक गंभीर समजली जाते.

अस्थिभंग सांध्यापर्यंत पोहोचला असल्याची शंका असल्यास सीटी स्कॅन केला जातो. सांध्याचा पृष्ठभाग किती तुकड्यांत विभागला आहे आणि ते तुकडे जागेवरून किती सरकले आहेत, हे त्यात दिसते. तुकड्यांच्या संख्येवरून चार प्रकार मानण्याची सँडर्स पद्धत १९९३ पासून प्रचलित आहे. पहिल्या प्रकारात तुकडे जवळजवळ जागेवर असतात. चौथ्या प्रकारात सांध्याचा चुरा झालेला असतो. आपल्या कागदपत्रांत हे शब्द आढळल्यास त्यांचा अर्थ डॉक्टरांना अवश्य विचारावा.

उंचावरून पडलेल्या रुग्णाची पाठ, कंबर, गुडघे आणि दुसरी टाच हीदेखील तपासली गेली पाहिजे. एका टाचेच्या तीव्र वेदनेत दुसरी दुखापत झाकली जाऊ शकते.

ज्या प्रसंगी निर्णय स्पष्ट असतो

काही अस्थिभंगांत फारसा मतभेद नसतो. हाड तुटले आहे, पण तुकडे जागेवर आहेत व सांधा शाबूत आहे, अशा वेळी सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते.

याउलट काही प्रसंगी विलंब घातक ठरतो. जखम उघडी असेल. पोटरीच्या कंडरेने हाडाचा मागचा तुकडा वर ओढून टाचेमागील त्वचा ताणली, पांढुरकी किंवा निळसर केली असेल. अथवा पावलातील सूज इतकी वाढली असेल की बोटे हलवताच असह्य वेदना होतात, तर तातडीच्या उपचाराची गरज असते. ताणलेली त्वचा काही तासांतच मृत होऊ शकते. अशा रुग्णाने "उद्या सकाळी बघू" म्हणून थांबू नये.

या दोन टोकांच्या मध्ये रुग्णांचा मोठा गट असतो. त्यांचा अस्थिभंग सांध्यापर्यंत गेलेला असतो, तुकडे सरकलेले असतात, पण त्वचा शाबूत असते. शस्त्रक्रिया करावी की न करावी, हा खरा प्रश्न यांच्याच बाबतीत उभा राहतो.

पहिला मार्ग : शस्त्रक्रियेविना उपचार

या उपचारात पाय उंच ठेवणे, सूज उतरवणे, अर्धे प्लास्टर किंवा काढता-घालता येणारा बूट वापरणे, ठरावीक काळ टाचेवर अजिबात भार न टाकणे आणि सांध्यांचे व्यायाम लवकर सुरू करणे यांचा समावेश होतो. हा पूर्ण उपचार आहे. त्यालाही वेळापत्रक, पुनर्तपासणी व शिस्त लागते. प्लास्टर बांधून घरी पाठवले म्हणजे डॉक्टरांनी दुर्लक्ष केले, असे समजू नये.

याचा मोठा लाभ म्हणजे शस्त्रक्रियेची जखम नसते, म्हणून त्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही नसतो. उणीव अशी की खचलेल्या हाडाचा आकार पूर्ववत होत नाही. टाच रुंद राहिल्याने नेहमीची चप्पल वा बूट बसत नाही; घोट्याच्या बाहेरील बाजूस कंडरा दबून दुखते; आणि पुढे काही वर्षांत सांधा झिजल्यास तो कायमचा जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

दुसरा मार्ग : शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेत सरकलेले तुकडे शक्य तितके जागेवर आणून धातूची पट्टी, स्क्रू किंवा तारा यांनी स्थिर केले जातात. टाचेची उंची, रुंदी आणि सांध्याचा पृष्ठभाग पूर्ववत करणे हा तिचा हेतू असतो. पूर्वीपासून टाचेच्या बाहेरील बाजूस इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा मोठा छेद घेतला जात असे. आता अनेक ठिकाणी लहान छेदातूनही हे काम केले जाते. त्यात जखमेचे त्रास कमी होतात. मात्र प्रत्येक अस्थिभंग लहान छेदातून दुरुस्त होईलच असे नाही.

टाचेवरची त्वचा पातळ असून तिच्याखाली स्नायूंचा थर फारसा नसतो. म्हणून जखमेच्या कडा न जुळणे आणि जंतुसंसर्ग होणे या येथील मुख्य गुंतागुंती होत. बाहेरील बाजूची संवेदना देणारी नस दुखावून बधिरपणा येणे, पट्टी किंवा स्क्रू बोचल्याने ते पुढे काढावे लागणे, हेही संभवते.

बंद दुखापतीत, विशेषतः मोठा छेद घ्यायचा असल्यास, शस्त्रक्रिया सहसा लगेच केली जात नाही. सूज उतरून त्वचेवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत एक ते दोन आठवडे थांबावे लागते. या प्रतीक्षेला नातेवाईक कधीकधी हलगर्जीपणा समजतात. वस्तुतः ती जखम नीट भरावी म्हणून घेतलेली काळजी असते.

अभ्यासांतून काय दिसते?

या दोन मार्गांची तुलना अनेक देशांत केली गेली आहे. कॅनडातील चार रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३०९ रुग्णांवर दोन ते आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. सर्व रुग्ण एकत्र पाहता दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच होती. मात्र स्त्रिया आणि हलके काम करणारे, अशा काही गटांना शस्त्रक्रियेचा लाभ अधिक दिसला. याशिवाय, सांधा कायमचा जोडण्याची वेळ शस्त्रक्रिया न केलेल्या शंभरांपैकी सुमारे १७ जणांवर आली, तर शस्त्रक्रिया केलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांवर.

ब्रिटनमधील २२ रुग्णालयांत १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर वेदना व चालणे यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गुंतागुंत मात्र शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २३ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ४ टक्के होती. ज्यांच्या पायाला अतिशय विकृती आली होती असे रुग्ण या अभ्यासात घेतलेले नव्हते. म्हणून त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. या अभ्यासात मोठ्या छेदाची पद्धत वापरली होती, हेही लक्षात ठेवावे.

२०२३ मध्ये अशा सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. शस्त्रक्रियेने पायाची कार्यक्षमता काही प्रमाणात सुधारत असावी, परंतु अनपेक्षित दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका वाढत असावा, आणि उपलब्ध पुरावा अजून भक्कम नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजेच "हाच उपचार सर्वांसाठी उत्तम" असे आज कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

समजा, दोन व्यक्तींचे सीटी स्कॅन जवळजवळ सारखे आहेत. एक २८ वर्षांची निरोगी तरुणी आहे. तिला तंबाखूचे व्यसन नाही, हाड बरेच खचले आहे आणि पुढे अनेक वर्षे उभ्याने काम करायचे आहे. तिच्या बाबतीत आकार पूर्ववत करण्याचे मोल मोठे आहे. दुसरी व्यक्ती ६२ वर्षांची असून दीर्घकाळ मधुमेहाने आजारी आहे, रोज विडी ओढते आणि तिच्या पायांत रक्तपुरवठा कमी आहे. तिच्या बाबतीत जखम न भरण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या लाभापेक्षा मोठा ठरू शकतो. चित्र सारखे असूनही दोघांना दिलेला सल्ला वेगळा असेल आणि दोन्ही सल्ले योग्य असतील. म्हणून शेजाऱ्याच्या पायावरून आपल्या पायाचा निर्णय करू नये.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

• माझा अस्थिभंग सांध्यापर्यंत गेला आहे का? तुकडे किती सरकले आहेत?
• शस्त्रक्रिया न केल्यास माझ्या टाचेचा आकार व चालणे कसे राहील?
• शस्त्रक्रिया केल्यास छेद कोणत्या प्रकारचा असेल? माझ्या बाबतीत जखमेचा धोका किती?
• माझा मधुमेह, तंबाखू किंवा अन्य आजार यांचा काय परिणाम होईल?
• दोन्ही मार्गांत टाचेवर भार कधी टाकता येईल आणि कामावर कधी परतता येईल?
• पुढे कोणता खर्च किंवा दुसरी शस्त्रक्रिया संभवते?

तातडीची स्थिती नसल्यास निर्णयासाठी सहसा काही दिवस हाती असतात. दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घेणे गैर नाही. मात्र शस्त्रक्रिया करायची असल्यास ती सामान्यतः तीन आठवड्यांच्या आत होणे इष्ट असते. त्यानंतर तुकडे जुळू लागतात व त्यांना जागेवर आणणे कठीण होते.

पुन्हा चालण्याकडे : टप्प्याटप्प्याने

पुढील कालावधी सर्वसाधारण आहे. आपल्या डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रक वेगळे असल्यास तेच पाळावे.

पहिले दोन आठवडे. दिवसाचा बराच वेळ पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. उशी पोटरीखाली द्यावी, जेणेकरून टाच अधांतरी राहील व तिच्या त्वचेवर दाब येणार नाही. बोटे, गुडघा आणि मांडी यांची हालचाल दिवसातून अनेक वेळा करावी.

दुसरा ते सहावा आठवडा. शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारण दोन ते तीन आठवड्यांनी टाके काढले जातात. डॉक्टरांनी परवानगी देताच घोटा वरखाली व पाऊल आतबाहेर हलवण्याचे व्यायाम सुरू करावेत. या काळात हालचाल करायची, पण भार टाकायचा नाही, हे सूत्र ध्यानात ठेवावे. कुबड्या किंवा वॉकर घेऊन चांगल्या पायावर चालावे.

सहावा ते बारावा आठवडा. क्ष-किरण चित्रात हाड जुळत असल्याचे दिसल्यावरच थोडा भार टाकण्यास सांगितले जाते. "थोडा" म्हणजे किती, हे कळण्यासाठी घरातील वजनकाट्याचा उपयोग होतो. आधार धरून उभे राहावे, दुखरा पाय काट्यावर ठेवावा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या किलोइतकाच दाब द्यावा. काही वेळा सराव केल्यावर पायाला त्या दाबाची ओळख पटते.

तिसऱ्या महिन्यानंतर. बहुतेक रुग्ण पूर्ण भार टाकू लागतात. सुरुवातीला काठी वापरावी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. एका पायावर तोल सांभाळणे, चवड्यावर उभे राहणे आणि पोटरी ताणणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली वाढवत न्यावेत.

सहा महिने ते दोन वर्षे. बैठे काम त्याआधीच सुरू करता येते. परंतु ओझे उचलणे, शिडी चढणे, शेतात दिवसभर वावरणे यांसाठी अनेकांना सहा महिने ते वर्ष लागते. संध्याकाळी सूज येणे आणि सकाळी उठल्यावर पहिली पावले ताठ पडणे हे बराच काळ राहू शकते. सुधारणा दीड ते दोन वर्षांपर्यंत होत राहते. तेव्हा चौथ्या महिन्यात पाय दुखतो म्हणून उपचार फसला, असा निष्कर्ष काढू नये.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी चालता येते, हा समज टाचेच्या हाडाबाबत सहसा खरा नसतो. पट्टी व स्क्रू तुकडे जागेवर धरतात. हाड जुळण्याचे काम शरीराला स्वतःच्या गतीनेच करावे लागते. रोजंदारी बुडते म्हणून सहाव्या आठवड्यात कामावर जाणे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे सांधा पुन्हा खचला तर पुढील अनेक वर्षांची कमाई धोक्यात येते. हा हिशेब घरात सर्वांनी मिळून करावा आणि रुग्णावर लवकर उठण्याचा दबाव आणू नये.

घरातील व्यवस्था

• काही आठवडे रुग्णाची झोपण्याची जागा तळमजल्यावर व शौचालयाजवळ असावी.
• उकिडवे बसावे लागणाऱ्या शौचालयात कमोडची खुर्ची ठेवावी. शौचालयात पकडण्यासाठी भक्कम दांडी असावी.
• ओली फरशी, सैल चटई आणि दारातील उंबरा यांकडे लक्ष द्यावे. कुबड्यांच्या टोकाचे रबर झिजले असल्यास बदलावे.
• स्नानासाठी स्टुलावर बसावे. प्लास्टर वा जखम भिजू देऊ नये.
• दूध, दही, डाळी, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि चालत असल्यास अंडी व मासे आहारात असावेत. कॅल्शियम किंवा जीवनसत्त्व ड च्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

तंबाखू, मधुमेह आणि ठिसूळ हाडे

विडी, सिगारेट, गुटखा, खैनी, मिश्री अशा सर्व प्रकारांतून शरीरात निकोटिन जाते. त्यामुळे त्वचेचा व हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम चिघळते आणि हाड उशिरा जुळते. रुग्णाला स्वतःच्या हाताने करता येण्याजोगा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे त्याच दिवसापासून तंबाखू सोडणे. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर मदत मिळते.

मधुमेही व्यक्तींनी रक्तातील साखर नियमित तपासावी आणि रोज तळपाय, बोटांच्या बेचक्या व दुसऱ्या पायाची टाचही पाहावी. बधिर पायात मोडलेले हाडही फारसे दुखत नाही. केवळ सूज, उष्णपणा व लालसरपणा दिसतो. अशा वेळी वेदना नाही म्हणून चालत राहणे धोक्याचे असते.

वयस्क व्यक्तींना, विशेषतः मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांना, न पडताही टाचेच्या हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखते, पण पहिल्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही. दुखणे कायम राहिल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी. हा तडा बहुधा विश्रांतीने बरा होतो. त्याबरोबर हाडांच्या ठिसूळपणाचीही तपासणी व्हावी.

ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे

• जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, कडा काळ्या पडणे, ताप येणे.
• बोटे थंड, निळसर वा बधिर होणे. प्लास्टर अचानक घट्ट वाटणे. औषध घेऊनही वेदना वाढत जाणे.
• पोटरीला सूज, लाली व दुखरेपणा येणे. ही रक्ताची गुठळी असू शकते.
• अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे. अशा वेळी तत्काळ १०८ वर संपर्क साधावा.
• पाय सतत जळजळणे, नुसत्या स्पर्शानेही असह्य दुखणे, त्वचेचा रंग व घाम यांत बदल होणे. याकडे लवकर लक्ष दिल्यास उपचार सुकर होतो.

त्रास शिल्लक राहिल्यास

वर्ष उलटूनही चालताना दुखत असल्यास "आता असेच राहणार" म्हणून सोडून देऊ नये. रुंद व मऊ टाचेची पादत्राणे, टाचेखाली घालायची गादी आणि गोलाकार तळाचे बूट यांनी अनेकांना आराम मिळतो. बोचणारी पट्टी काढता येते. झिजलेला सब्टॅलर सांधा जोडून टाकल्यास पाऊल आतबाहेर कलण्याची क्रिया जाते, पण वेदना कमी होऊन पुष्कळ रुग्णांचे रोजचे चालणे सुधारते.

खर्च व हक्क

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेअंतर्गत पात्र कुटुंबाला संलग्न रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारासाठी दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आपली पात्रता व जवळचे संलग्न रुग्णालय यांची माहिती १४५५५ या क्रमांकावर विचारावी. अनेक राज्यांच्या स्वतंत्र आरोग्य योजनाही आहेत.

कामावर असताना दुखापत झाली असल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांना उपचार व वेतनाच्या काळजीसाठी लाभ मिळतो. इतर कामगारांनी नुकसानभरपाईच्या हक्काबाबत जिल्ह्यातील कामगार कार्यालयात चौकशी करावी. बांधकाम मजुरांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ठेवावी. गावाबाहेर, परराज्यात काम करणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. अपघाताची तारीख व ठिकाण रुग्णालयाच्या कागदांवर नोंदवून घ्यावे आणि सर्व चित्रे व अहवाल जपून ठेवावेत.

पडणे टाळण्यासाठी

झाडावर चढताना सुरक्षा-पट्टा किंवा चढण्याचे यंत्र वापरावे. परांचीला कठडा आणि मजुराला सुरक्षा-पट्टा असावा. तो देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. शिडी सपाट जागी टेकवावी व खाली कोणीतरी ती धरून उभे राहावे. कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांना पतंग उडवू देऊ नये. विहिरीला कठडा बांधावा. मद्यपान करून उंचावर चढू नये.

शेवटी एवढेच लक्षात ठेवावे. टाचेचे हाड मोडल्यावर उपचाराचा मार्ग डॉक्टरांशी बोलून, आपला पाय व आपली प्रकृती पाहून ठरवावा. एकदा मार्ग ठरला की त्याला पुरेसा वेळ द्यावा : सांगितले तोपर्यंत भार टाकू नये, सांगितले तेव्हापासून हालचाल थांबवू नये, तंबाखूला हात लावू नये आणि एकही पुनर्तपासणी चुकवू नये. धीराने टाकलेले उशिराचे पाऊल घाईने टाकलेल्या पावलापेक्षा अधिक दूर नेते.

ही पत्रिका सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. वाचून झाल्यावर ती घरातील व शेजारील इतरांनाही द्यावी.